ॲनिमेमध्ये सगळे एवढे ओरडतात-रडतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, बघणाऱ्या प्रत्येकाला घरच्यांनी कधी ना कधी विचारलेलं असतं की ही माणसं एवढी किंचाळतात कशाला, आणि नवीन बघायला लागलेल्यांना स्वतःलाही पहिल्या दोन-चार एपिसोडमध्ये तेच वाटतं. प्रश्न अगदी रास्त आहे. नेहमी येणारे सगळे इथे एकत्र घेतलेत. एक-दोन ठिकाणी कथेतलं पुढचं फुटतं, तिथे तसं आधी लिहिलंय.

ॲनिमेत सगळेच ओव्हरॲक्टिंग का करतात?

ओव्हरॲक्टिंग म्हणजे सीनला जेवढं हवं त्यापेक्षा जास्त करणं, आणि ॲनिमेत मुळात "जेवढं हवं" याचं मापच वेगळं आहे. खऱ्या नटाच्या ओठाचा कोपरा जरासा थरथरला, डोळ्यात पाणी यायच्या आधी नाकपुडी हलली तरी कॅमेऱ्याला दिसतं आणि आपल्याला बरोबर कळतं. ॲनिमेतला चेहरा म्हणजे दोन डोळे, नाकाच्या जागी एक ठिपका नाहीतर बारीक रेघ आणि तोंडाची एक रेघ, बास. तिथे असली थरथर दाखवायला जागाच नाहीये, मग भावना एकतर मोठी करावी लागते नाहीतर चेहऱ्याच्या बाहेर न्यावी लागते, म्हणजे आवाजात, उडणाऱ्या केसात, बॅकग्राउंडच्या रंगात, पावसात, कुठेही. त्यात परत कमी चित्रांत काम भागवायची जुनी सवय, जपानी रंगभूमी आणि मांगामधून (म्हणजे जपानी कॉमिक्समधून) आलेल्या खुणा हे सगळं मिसळलंय.

माझं मत विचाराल तर या मापातसुद्धा चांगला अभिनय असतो आणि वाईट अभिनय असतो, आणि तो फरक आवाज किती चढलाय यावरून ठरत नाही, चढलेल्या आवाजाच्या आजूबाजूला शांतता किती विचार करून ठेवलीय यावरून ठरतो. खालची बरीचशी उत्तरं फिरून याच गोष्टीपाशी येतात.

जपानी माणसं खऱ्या आयुष्यात पण अशीच बोलतात का?

नाही हो. टोकियोच्या ट्रेनमध्ये लोक फोनवर बोलायचं सुद्धा टाळतात. ॲनिमेवरून जपानी उचलणाऱ्यांना शिकवणारे हेच आधी सांगतात की 'ड्रॅगन बॉल'मधल्या गोकूच्या किंवा 'वन पीस'मधल्या लुफीच्या ढंगात ऑफिसात बोलायला गेलात तर समोरचा दचकेल.

पण एक गोष्ट मात्र खरी आहे, जपानी बोलण्यात ऐकणारा माणूस गप्प बसत नाही, समोरचा बोलत असताना मध्ये मध्ये "उन्", "हेss", "आss" असे हुंकार सतत देत राहतो, तो तिथला शिष्टाचारच आहे. ॲनिमेत जे सारखे "एss?" ऐकू येतात ना, त्यातले बरेच इथूनच आलेत, फक्त वाढवून.

पैसे वाचवायला असं करतात म्हणे, खरं आहे का?

सुरुवात तिथूनच झाली, हो. मांगाकार ओसामु तेझुका यांनी स्वतःच्या मुशी प्रॉडक्शनमधून 'ॲस्ट्रो बॉय' 1 जानेवारी 1963 ला फुजी टीव्हीवर आणलं, अर्ध्या तासाचा एपिसोड आणि तोही दर आठवड्याला. सिनेमात एका सेकंदाला 24 फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेमला नवं चित्र म्हटलं तर सेकंदाला 24 चित्रं, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12, आणि तीन फ्रेम धरलं तर 8. डिस्नेच्या सिनेमात पहिल्या दोन पद्धती चालायच्या, तेझुकांच्या टीमने तिसरी धरली आणि त्यातही जिथे जमेल तिथे चित्र हलवायचंच नाही असं ठरवलं. शरीर स्थिर आणि फक्त तोंड हलतंय, तेच धावण्याचं चित्र दहा एपिसोडमध्ये परत वापरलंय, एकाच मोठ्या चित्रावरून कॅमेरा सरकतोय, असे सगळे मार्ग त्यांनी वापरले कारण त्याशिवाय आठवड्याला एपिसोड निघालाच नसता.

आता चित्रं कमी असली की ॲनिमेटरला प्रत्येक चित्रातून जास्तीत जास्त काम काढावं लागतं. हळूहळू उमलत जाणारं हसू काढायला बरीच चित्रं लागतात पण एका झटक्यात फुटणारं हसू दोन-तीन चित्रांत होतं, त्यामुळे पोझ जोरदार झाल्या आणि एका भावनेवरून दुसरीवर थेट उडी मारायची सवय लागली. पण याला नुसती काटकसर म्हणून सोडून देणं मला पटत नाही, कारण आज भरपूर पैसे असलेल्या सिनेमात पण हीच भाषा मुद्दाम वापरतात, आणि ज्यांनी ती घडवली त्यांनी त्या अडचणीतून फार सुंदर गोष्टी काढल्यात.

चित्र हलतच नसेल तर अभिनय कसला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. ओसामु देझाकी नावाचे दिग्दर्शक होते, मुशी प्रॉडक्शनमध्येच तयार झालेले, 1970 चं बॉक्सिंगवरचं 'आशिता नो जो' त्यांचं. त्यांनी पुढे एक पद्धत रुजवली की सीन टोकाला पोहोचला की हालचाल थांबवायची आणि पडद्यावर रंगाच्या फटकाऱ्यांनी, जाड रेघांनी रंगवलेलं एकच स्थिर चित्र आणायचं, एखाद्या पेंटिंगसारखं. नाहीतर तीच हालचाल पाठोपाठ तीनदा दाखवायची. बघणाऱ्याला बरोबर कळतं की हा क्षण या माणसाच्या डोक्यातून आता कधीच जाणार नाहीये.

दुसरं टोक बघायचं असेल तर 1995-96 च्या 'इव्हँगेलियन'मधला 22वा एपिसोड बघा. दोन मुली, रेई आणि आसुका, लिफ्टमध्ये उभ्या आहेत, एकमेकींकडे न बघता, कोणी बोलत नाही, चित्र जवळपास 50 सेकंद तसंच, लिफ्टचा आवाज तेवढा चालू. टीव्हीवर 50 सेकंद म्हणजे प्रचंड वेळ. आपल्यालाच अवघडायला होतं आणि तेच दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांना हवं होतं. त्याच मालिकेत आसुका इतर वेळी किती तोंड चालवते हे माहीत असल्यामुळे ते गप्प उभं राहणं अंगावर येतं. 24व्या एपिसोडमध्ये तर बीथोवेनची नववी सिंफनी वाजतेय आणि चित्र साधारण मिनिटभर गोठलेलं, शेवटी काय होणार हे आपल्याला कळलेलं असतं आणि आपण वाट बघत बसतो.

हे सगळं काबुकीतून आलंय असं वाचलं, खरं का?

सरळ रेघ मारून "इथून तिथे आलं" असं कोणी म्हणत असेल तर ते जास्तच सोपं केलंय. पण जपानी प्रेक्षकाला अशा अभिनयाची सवय ॲनिमेच्या कितीतरी आधीपासून आहे हे नक्की. काबुकीत, म्हणजे जपानच्या पारंपरिक नाटकात, 'मिए' म्हणून प्रकार असतो, प्रसंग शिगेला पोहोचला की नट मान फिरवतो, हातपाय ताणून पोझ घेतो, डोळे तिरळे करतो आणि तसाच गोठतो, स्टेजच्या कडेला बसलेला माणूस फळीवर लाकडी ठोकळे कडाकड आपटतो आणि जाणकार प्रेक्षक नटाच्या घराण्याचं नाव घेऊन ओरडतात. चेहऱ्यावर लाल पट्टे म्हणजे शूर नायक, निळे म्हणजे खलनायक. ही दणकट शैली एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, पहिला इचिकावा दांज्युरो याने 17व्या शतकाच्या शेवटी गाजवली. कोकणातल्या जत्रेत रात्रभर दशावतार बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही, राक्षस पडद्यामागून आला की तो कसा येतो ते आपल्याला माहितीये आणि तिथे कोणी "किती ओव्हरॲक्टिंग" म्हणत नाही.

मला स्वतःला काबुकीपेक्षा बुनराकू, म्हणजे ओसाकाची बाहुल्यांची रंगभूमी, जास्त जवळची वाटते. बाहुलीचा चेहरा जवळपास स्थिर, एकेका मुख्य बाहुलीला तीन माणसं हलवतात, आणि बाजूला बसलेला एक गायक-निवेदक सगळ्या पात्रांचे आवाज काढतो, बाईचं रडणं, म्हाताऱ्याचं खोकणं, खलनायकाचं लांबच लांब हसणं, सगळं एकटा. चेहरा शांत आणि आवाज पेटलेला. मग मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून सगळे संवाद म्हणणारे 'बेन्शी', मग 1930 नंतर सायकलवर चित्रांची पेटी घेऊन गल्लीत पोरांना गोष्ट सांगणारे 'कामिशिबाई'वाले. प्रत्येक ठिकाणी चित्र कमी हलतंय आणि माणसाचा आवाज ते जिवंत करतोय.

तेझुकांच्या बाबतीत तर धागा अगदी सरळ सापडतो, त्यांचं बालपण ताकाराझुका गावात गेलं, तिथे 1914 पासून फक्त बायकांचं मोठं संगीत नाटक चालतं, पुरुषांच्या भूमिका पण बायकाच करतात, भडक मेकअप, लांब पापण्या, झगमग कपडे. राजपुत्राच्या वेशातल्या राजकन्येची गोष्ट त्यांनी पुढे मांगात आणली ती तिथूनच.

डोळे एवढे मोठे का काढतात?

तेझुकांना डिस्ने आणि बेटी बूप फार आवडायचे, हे एक. दुसरं म्हणजे मुलींच्या मासिकांची परंपरा, जुनइची नाकाहारा यांच्या चित्रांतल्या मोठ्या डोळ्यांच्या मुली, आणि 1950 च्या दशकात माकोतो ताकाहाशी यांनी त्या डोळ्यात चक्क तारे काढायला सुरुवात केली.

पण कामाचं कारण असं की डोळा मोठा असला की त्यात अभिनय करता येतो. बुबुळातले पांढरे ठिपके बघा कधी नीट. रडू येतंय पण अजून आलेलं नाहीये, तेव्हा बाकी सगळा चेहरा स्थिर असतो आणि फक्त ते ठिपके थरथरत असतात. माणूस आतून कोसळला की ते ठिपके पुसून टाकतात, डोळा मॅट होतो, आणि एक रेघ न बदलता चेहरा मेल्यासारखा दिसतो. भावना लपवायची असेल तर केसांची सावली डोळ्यांवर टाकतात आणि फक्त तोंड दाखवतात.

तो घामाचा मोठा थेंब, कपाळावरची शीर, नाकातला फुगा... याचे अर्थ काय?

या खुणा मांगातून आल्यात, जपानीत 'मान्पू' म्हणतात. डोक्याच्या बाजूला मोठा थेंब म्हणजे अवघडलेपण किंवा "काय बोलावं आता". कपाळावर फुलीसारखी फुगलेली शीर म्हणजे राग, आणि ती केसांवर नाहीतर मुठीवर पण काढतात, तिथे शीर असायचा संबंध नसला तरी. अर्ध्या चेहऱ्यावर निळ्या उभ्या रेघा म्हणजे धसका. नाकातून फुगा म्हणजे गाढ झोप. नाकातून रक्ताची चिळकांडी म्हणजे डोक्यात भलते विचार आले. तोंडातून भुतासारखं काहीतरी पांढरं बाहेर पडतंय म्हणजे माणूस संपला, दमून गेला. आकाशातून एक कावळा ओरडत गेला म्हणजे जोक पडला आणि सगळे गप्प झाले. अख्खं कॅरेक्टर अचानक बुटकं, मोठ्या डोक्याचं झालं म्हणजे आता जे होतंय ते सिरीयसली घेऊ नका.

हे तुम्ही रोज वापरताय पण, कारण इमोजी जपानी मोबाइलवर जन्मले. लाल रागाची फुली तिथलीच. आणि तो डोळे मिटलेला चेहरा, ज्याच्या नाकाजवळ निळा थेंब आहे, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक तो दुःखाच्या बातमीखाली टाकतात, तो मुळात नाकातला फुगा आहे, म्हणजे झोपलेला माणूस.

आवाज आधी रेकॉर्ड होतो का चित्र आधी?

जपानमध्ये बहुतेक वेळा चित्र आधी (किंवा अर्धवट चित्र, टीव्हीच्या मालिकेत बऱ्याचदा नुसत्या पेन्सिलच्या रेघा नाहीतर स्टोरीबोर्ड) आणि आवाज नंतर. अमेरिकन सिनेमात शक्यतो उलटं, नटाचा आवाज आधी आणि त्याच्यावर ॲनिमेटर चित्र बसवतात.

याचा परिणाम फार मोठा आहे. आवाजाचे कलाकार, ज्यांना 'सेइयू' म्हणतात, स्टुडिओत तीन-चार माइकसमोर सगळे एकत्र जमतात, ज्याचं वाक्य आलं तो पुढे होतो, बोलतो, मागे सरकतो, स्क्रिप्टच्या पानाचा आवाज होऊ द्यायचा नाही, आणि समोर स्क्रीनवर जे दिसतंय ते बऱ्याचदा कच्चं असतं. म्हणजे पात्र किती घाबरलंय हे चित्र अजून सांगतच नाहीये, ते आवाजालाच सांगायचंय. (कोविडमध्ये एकत्र रेकॉर्डिंग बंद करून एकेकटं करावं लागलं होतं.) तोंडाच्या हालचाली पण साधारण तीनच, बंद, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, त्यामुळे उच्चारांचे बारकावे ओठांवर दिसत नाहीत आणि आवाजावर आणखी भार पडतो.

अपवाद आहेत. 1988 च्या 'अकिरा'मध्ये संवाद आधी रेकॉर्ड केले आणि ओठ त्याला जुळवले, त्या सिनेमाला दीड लाखापेक्षा जास्त चित्रं लागली, सगळ्यांना परवडणारं काम नाही ते.

मध्ये मध्ये ते श्वासाचे, हुंदक्याचे आवाज कशाला? नुसतं वळून बघितलं तरी "हं!" करतात.

कारण चित्र स्थिर असताना पात्र जिवंत आहे हे सांगायचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रभावी मार्ग श्वास आहे. स्क्रिप्टमध्ये संवादाबरोबर श्वासाच्या जागा पण लिहिलेल्या असतात. चांगला सेइयू श्वासावर ओळखू येतो, नवीन माणूस वाक्य छान म्हणतो पण दोन वाक्यांच्या मधे त्याचं पात्र मरतं. पुढच्या वेळी एखादा आवडता सीन डोळे मिटून ऐका, मग कळेल की निम्मा अभिनय शब्दांच्या बाहेर आहे.

लहान मुलांचे आवाज बायका का काढतात?

मुलांचे आवाज वयात येताना फुटतात आणि मालिका पंचवीस-तीस वर्षं चालतात. 1963 ला ॲस्ट्रो बॉयचा आवाज मारी शिमिझु यांचा होता, टीव्हीवरच्या ॲनिमेत तेव्हापासून ही पद्धत आहे. नोबुयो ओयामा यांनी 1979 ते 2005 डोरेमॉन केला. लुफीचा आवाज 1999 पासून मायुमी तानाका. आणि मासाको नोझावा, जन्म 1936 चा, 1986 पासून गोकू करतायत, गोकूची दोन्ही मुलं गोहान आणि गोतेन पण त्याच. एकाच सीनमध्ये बाप आणि मुलगा एकमेकांशी बोलतात आणि दोन्ही आवाज एकाच बाईंचे, आणि आपल्याला कधी शंका सुद्धा येत नाही. मला याच्यापुढे खरंच हात जोडावेसे वाटतात.

मारामारीत हल्ल्याचं नाव ओरडून का सांगतात? समोरचा सावध होणार नाही का?

होईल, पण प्रेक्षक आधी. 1972 च्या 'माझिंगर झेड'मध्ये "रॉकेट पंच!" ओरडल्यावर हात उडून जायचा आणि गल्लीतली पोरं तेच ओरडत खेळायची, खेळणी विकली जायची. शिवाय रणांगणात स्वतःचं नाव-कूळ पुकारून मग भिडायचं ही सामुराईंच्या जुन्या गोष्टींतली आणि रंगभूमीवरची पद्धत तिथल्या लोकांच्या ओळखीची होतीच.

'डेमन स्लेयर'मधला झेनित्सू डोकं उठवतो, हे चांगलं कसं म्हणायचं?

राक्षस मारणाऱ्यांच्या या मालिकेतला हा भित्रा तलवारबाज सगळ्यांना सहन होत नाही, मान्य. हिरो शिमोनो यांचा आवाज आहे, भीतीने किंचाळणं, लग्नासाठी गयावया करणं, सगळं वरच्या पट्टीत. पण तो झोपेत गेल्यावर काय होतं बघा. डोळे मिटतात, आवाज खाली येतो, वाक्यं छोटी होतात, आणि एक तलवारीचा वार. आधीचा आरडाओरडा नसता तर त्या शांत आवाजाला काही वजन राहिलं नसतं.

माझी तक्रार वेगळ्या गोष्टीची आहे. त्याच मालिकेत पात्रं स्वतःला काय वाटतंय ते मनातल्या मनात पूर्ण वाक्यात सांगत बसतात. मांगामध्ये ते चालतं कारण वाचक आपल्या वेगाने वाचतो, पण पडद्यावर हात थरथरताना दिसतोय, संगीत वाजतंय आणि वर परत "माझा हात थरथरतोय" म्हणून ऐकायचं, तिथे दिग्दर्शकाने चित्रावर विश्वास ठेवायला हवा होता.

मोठा आणि शांत अभिनय एकत्र कुठे छान जमलाय? (शेवट फुटतो)

2020 चा 'मुगेन ट्रेन', 'डेमन स्लेयर'चाच सिनेमा. त्यातला तलवारबाज रेंगोकू पहिल्यांदा भेटतो तेव्हा ट्रेनमध्ये जेवतोय आणि प्रत्येक घासाला "उमाई!" म्हणून ओरडतोय, म्हणजे मस्त, झकास. डोळे वटारलेले, पापणी लवत नाही, नक्की कुठे बघतोय कळत नाही, आवाज अख्ख्या डब्याला ऐकू जाईल असा. थिएटरात हमखास हशा होतो. शेवटी तोच माणूस गुडघ्यावर बसून मरतोय आणि आता तो ओरडत नाही, सातोशी हिनो यांनी आवाज हळू आणि उबदार ठेवलाय, पोरांना एकेक करून समजावतोय. रडारड दुसऱ्यांची चाललीये, मालिकेचा नायक तांजिरो पळून गेलेल्या शत्रूवर घसा फाटेपर्यंत ओरडतोय. मग रेंगोकूला गेलेली आई दिसते, मी नीट केलं ना असं तो विचारतो, ती हो म्हणते, आणि तो हसतो, लहान मुलासारखा. तेवढंच. आख्ख्या सिनेमाभर ताठ असलेला तो चेहरा पहिल्यांदा मऊ पडतो, आणि हे दिसावं म्हणूनच पहिल्या सीनमध्ये तो एवढा ताठ काढला होता.

रडण्याचे सीन एवढे का ताणतात? डोळ्यातून नळ सुटल्यासारखं पाणी...

विनोदी रडणं आणि खरं रडणं ही दोन वेगळी चित्रं आहेत. नळ, कारंजी, शेंबूड हे विनोदाचं (जरी 'वन पीस'मध्ये अगदी गंभीर प्रसंगी पण नाकडोळे एक होईपर्यंत रडतात, आणि तिथे ते शोभतं कारण ती दुनियाच तशी काढलेली आहे).

खऱ्या रडण्यासाठी 2001 चा 'स्पिरिटेड अवे' बघा, दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा. आईवडिलांची डुकरं झालीत, छोटी चिहिरो घाबरून सुन्न आहे पण अजून रडलेली नाही. तिला मदत करणारा मुलगा हाकू तिला भाताचे गोळे देतो. ती आधी नको म्हणते, मग एक घास खाते, मग मोठा घास, आणि खाता खाताच रडू फुटतं. अश्रू डोळ्याएवढे मोठे, गोल, गालावरून घरंगळून टपकतात, असे अश्रू कोणालाच येत नाहीत. पण तोंड भरलेलं, घास गिळता येत नाहीये आणि खाणं थांबवता पण येत नाहीये, हे इतकं खरं काढलंय की त्या अवाढव्य थेंबांवर शंका घ्यावीशी वाटतच नाही. अतिशयोक्ती थेंबात आहे, निरीक्षण जबड्यात आहे.

दुसरं उदाहरण ऐकून लोक दचकतात, पण शिनचॅन. त्याच 2001 साली आलेला, मोठी माणसं भूतकाळात अडकून परत लहान होतात तो सिनेमा, दिग्दर्शक केइची हारा. शिनचॅनचे बाबा हिरोशी स्वतःला लहान मुलगा समजतायत, घर-संसार सगळं विसरलेत, आणि शिनचॅन त्यांचाच घामट बूट त्यांच्या नाकाला लावतो. त्या वासाने आठवणी येतात आणि पुढे एकही संवाद नाही. वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला पोरगा, शहरात आलेला तरुण, साहेबाची बोलणी, बायको, बाळ, कर्ज काढून घेतलेलं घर, उन्हात घाम पुसत फिरणारा सेल्समन, रात्री दारात धावत येणारी पोरं. मग हिरोशी पोराला छातीशी धरून रडतात. चेहरा तोच, शिनचॅनवाला, चार रेघांचा, पण काढणाऱ्याने खांदे आणि पाठ रडवलीये. केइजी फुजिवारा यांचा आवाज आहे, 2020 साली गेले बिचारे.

मग सगळंच ॲनिमे असं मोठ्या पट्टीत असतं का?

अजिबात नाही, आणि हे लोकांना माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं. इसाओ ताकाहाता यांच्या 1991 च्या 'ओन्ली यस्टरडे'मध्ये 27 वर्षांची ताएको गावी जाते, तिच्या मोठेपणीच्या भागात नटांचे आवाज आधी रेकॉर्ड केले आणि हसताना गालावर ज्या रेघा पडतात त्या पण काढल्या, जे ॲनिमेत सहसा कोणी करत नव्हतं. काहींना तो चेहरा वयस्कर वाटतो. मला तो धाडसी वाटतो. त्याच ताकाहातांनी 2013 च्या 'कागुया'मध्ये एकदम उलटं केलं, राजकन्या मेजवानीतून पळत सुटते तेव्हा चित्रच फाटायला लागतं, कोळशाने ओढल्यासारख्या रेघा, अंगावरची उंची वस्त्रं एकेक उडून जातायत, चेहरा ओळखू येत नाही. राग चेहऱ्यावर दाखवायच्या ऐवजी रेघेलाच राग आणलाय.

नाओको यामादा यांचा 2016 चा 'अ सायलेंट व्हॉइस' पण बघाच, क्योतो ॲनिमेशन या स्टुडिओचा. शोको ही ऐकू न येणारी मुलगी आहे, त्यामुळे आवाजावर सगळं टाकायचा नेहमीचा मार्ग बंद, म्हणून हात, खुणांची भाषा, आणि यामादांना आवडणारे पायांचे शॉट, कोणी पाऊल मागे घेतलं, कोण चवड्यावर उभं राहिलं. नायक शोयाला लोकांच्या नजरेला नजर देता येत नाही, तर त्याला सगळ्यांच्या चेहऱ्यांवर मोठ्या फुल्या दिसतात. जुन्या मांगाच्या खुणांसारखीच एक खूण, पण किती वेगळ्या कामाला लावली.

हिंदी डब बघू का जपानी आवाज आणि सबटायटल?

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सुरुवातच हिंदीतून केली. 1993 ला दूरदर्शनवर लागणारं मोगलीचं 'जंगल बुक' जपानीच होतं, निप्पॉन ॲनिमेशनचं, हिंदीत शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा, आणि त्या आवाजाने शेरखान जास्त मोठा झाला असं मी तरी म्हणेन. डोरेमॉन-शिनचॅनचे हिंदी डब पण जीव ओतून केलेत.

पण भावनेवर उभी असलेली गोष्ट असेल तर जपानीच बघा. डब करताना वाक्य त्याच तीन तोंडांत, त्याच वेळात बसवायचं असतं, मग श्वास आणि थांबणं पहिलं बळी जातं, आणि शांत सीनमध्ये कोणीतरी उगाच काहीतरी बोलतं.

तेच हावभाव खऱ्या माणसांच्या सिनेमात विचित्र का वाटतात?

खऱ्या चेहऱ्यावर आधीच हजार गोष्टी चालू असतात, त्यावर परत ॲनिमेचे डोळे वटारणं टाकलं की दोन मापं एकमेकांत भांडतात. विग पण आडवे येतात.

आई-बाबांना दाखवायचंय, त्यांना "कार्टून" वाटू नये असं काय?

'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम' दाखवा. जपानच्या युगो साको यांनी भारतीय ॲनिमेटर राम मोहन यांच्याबरोबर केलेला भारत-जपानचा एकत्र सिनेमा, 1992 चा, त्या वेळच्या हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा आणि रावणाचा अमरीश पुरींचा, जानेवारी 2025 मध्ये थिएटरात परत पण आला होता. गोष्ट माहितीची असल्यामुळे ते चित्राकडे बघतील, राम फार कमी हलतो, चेहरा शांत ठेवलाय, आणि आजूबाजूला राक्षस, वानर, युद्ध सगळं दणक्यात. त्यानंतर 'ओन्ली यस्टरडे', पण रात्री उशिरा लावू नका, संथ आहे, झोप येईल त्यांना. शिनचॅनचा सिनेमा वडिलांना एकट्याने बघू द्या.